तापीकाठचे राजे आणि तापीकाठची भाषा

भाषिक सीमेचा वाद कोठेही निघो, थोड्याच वेळात दोन्ही बाजूंकडून राजे उभे केले जातात. एक बाजू चालुक्यांचा ताम्रपट पुढे करते, दुसरी यादवांचा शिलालेख दाखवते. कोणी बहमनी सुलतानाची सनद काढतो, तर कोणी पेशव्यांचे पत्र. या साऱ्या पुराव्यांमागे एक गृहीतक दडलेले असते : ज्याचे राज्य त्याची भाषा, आणि ज्याची भाषा त्याची भूमी. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात मुद्दाम असे एक ठिकाण निवडले आहे, ज्यावर आज कोणाचाही वाद नाही. जेथे वाद नसतो तेथे विचार शांतपणे करता येतो, आणि तेथे हाती आलेला निष्कर्ष मग वादाच्या जागीही नेऊन पारखता येतो.

ते ठिकाण म्हणजे कामरेज. सुरत शहराच्या ईशान्येस, तापीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथूनच पुढे जातो, त्यामुळे बहुतेक मराठी प्रवाशांना ते माहीत असते. त्याचा इतिहास मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वास्तविक हे गाव फार जुने आहे. इ.स. ६९२ च्या सुमाराचा, नवसारीच्या चालुक्य शाखेतील श्र्याश्रय शीलादित्याचा एक ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात ‘कार्मणेय आहार’ असा प्रदेशाचा उल्लेख येतो. आहार म्हणजे आजच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग, आणि हे कार्मणेय म्हणजेच कामरेज, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. दान देणारा राजा बदामीच्या चालुक्यांच्या कुळातला, म्हणजे मुळात कन्नड देशातला. ताम्रपटाची भाषा संस्कृत. आणि जमीन तापीकाठची. त्या ताम्रपटाच्या आधारे कामरेज कर्नाटकात घालावे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. म्हणणाऱ्याला आपण सर्वांनीच हसलो असतो. पण हेच तर्कशास्त्र अन्यत्र वापरले गेले की आपण गंभीर चेहऱ्याने त्याला उत्तर देत बसतो.

आता आपण उत्तर-मध्ययुगाकडे, म्हणजे स्थूलमानाने इ.स. १३०० ते १६०० या तीनशे वर्षांकडे वळू. या काळाचा आरंभच तापी खोऱ्यात एका पळून आलेल्या राजापासून होतो. १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकला, तेव्हा अणहिलवाडचा शेवटचा वाघेला राजा कर्ण दक्षिणेकडे आला आणि देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या आश्रयाने बागलाणात राहिला. ज्या रामदेवरावाचे नाव ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येते, तोच हा राजा. म्हणजे गुजरातचा राजा मराठी राजाच्या मुलखात काही वर्षे राज्य सांभाळून होता. पुढे दोघांचीही राज्ये गेली.

दिल्लीची पकड ढिली झाली, तशी तापीच्या काठाने तीन राज्ये उभी राहिली. मुखाशी गुजरातची सलतनत. वरच्या अंगाला खानदेशचे फारुकी. आणि या दोहोंच्या मधल्या डोंगरात बागलाणचे बागुल. या तिन्ही घराण्यांची थोडक्यात ओळख करून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही.

गुजरातच्या सलतनतीचा संस्थापक जफरखान १३९१ मध्ये दिल्लीचा सुभेदार म्हणून आला आणि १४०७ मध्ये मुजफ्फरशाह या नावाने स्वतंत्र सुलतान झाला. त्याचे कूळ मूळचे ठाणेसरकडचे. त्याचा नातू अहमदशाह याने १४११ मध्ये अहमदाबाद वसविले. याच वंशातला महमूद बेगडा (१४५८ ते १५११) हा सर्वांत नामांकित. त्याच्या दरबाराची भाषा फारसी. परंतु उदयराज नावाच्या कवीने त्याच्या स्तुतीसाठी ‘राजविनोद’ हे काव्य रचले ते संस्कृतात. अहमदाबादेतील बाई हरीरच्या विहिरीवर १५०० च्या सुमारास जे लेख कोरले गेले, ते एक अरबीत आणि एक संस्कृतात. गुजरातवर राज्य करणाऱ्या या सुलतानांच्या दरबारात गुजराती भाषेला मानाचे आसन कधी मिळाले नाही. तरीही त्याच काळात गुजराती वाढली, ती जुनागडच्या नरसिंह मेहत्यांच्या पदांतून, पाटणच्या भालणाच्या आख्यानांतून. १४५५ चे पद्मनाभाचे ‘कान्हडदे प्रबंध’ हे जुन्या गुजरातीतले थोर काव्य तर जालोरला रचले गेले. जालोर आज राजस्थानात आहे, आणि राजस्थानी व गुजराती हे दोन्ही भाषांचे अभ्यासक त्या ग्रंथाला आपला म्हणतात. तो ग्रंथ लिहिला गेला तेव्हा या दोन भाषांमध्ये आजच्यासारखी रेघ पडलेली नव्हती.

फारुकींची कथाही अशीच. मलिक राजा याला फिरोजशाह तुघलकाकडून १३७० मध्ये तापीकाठचे थाळनेर व करवंद ही ठाणी मिळाली. १३८२ पासून तो जवळजवळ स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसविले. हे घराणे आपला वंश खलिफा उमर फारुक यांच्याशी जोडीत असे. त्यांची ‘खान’ ही पदवी गुजरातच्या सुलतानाकडून आलेली, आणि तिच्यावरूनच खानदेश हे नाव पडले असे परंपरेने सांगतात. या खानांच्या मुलखात बोलली जाणारी भाषा कोणती? अहिराणी. आणि त्यांनी आपली वंशावळ दगडात कोरली ती कोणत्या भाषेत? बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखान फारुकीने १५९० मध्ये अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरविला आणि त्यात आपल्या पूर्वजांची नावे क्रमाने दिली. मशिदीत संस्कृत, दरबारात फारसी, बाजारात अहिराणी. एकाच गावात तीन भाषा तीन मजल्यांवर राहत होत्या, आणि एकीचा दुसरीवर दावा नव्हता.

तिसरे राज्य बागलाण. साल्हेर आणि मुल्हेर हे त्याचे दोन बळकट किल्ले, मुल्हेर म्हणजेच मयूरगिरी ही राजधानी. ‘आईन-ए-अकबरी’ त्याचे वर्णन सुरत आणि नंदुरबार यांच्यामधला डोंगराळ पण भरभराटीचा मुलूख असे करते. येथले बागुल राजे स्वतःला राठोड म्हणवीत. नारायणशाह या राजाच्या आश्रयाने रुद्र कवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ हे महाकाव्य संस्कृतात लिहिले. पुढे १९१७ मध्ये ते बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून आले. राजांच्या नावात शाह, काव्यात संस्कृत, आणि टांकसाळीत? मुल्हेरला पाडली जाणारी चांदीची महमुदी नाणी गुजरातच्या महमूद सुलतानाच्या नावाने ओळखली जात, त्यांवरचे लेख अरबी-फारसी लिपीतले असत, आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या हातात सर्रास खेळत होती. एका राठोड राजाची, मराठी मुलखातल्या किल्ल्यात पाडलेली, गुजराती सुलतानाचे नाव मिरविणारी ही नाणी कामरेजच्या बाजारात खपताना कोणाला नवल वाटले नसेल. नाण्याचा कस तेवढा पाहिला जात होता.

तेव्हा प्रश्न असा की, या राज्यांच्या सीमा जेथे होत्या तेथे भाषेच्या सीमा होत्या काय? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर कोकणपट्टीत मिळते. १४३० च्या सुमारास बहमनींच्या सरदाराने माहीम घेतले, तेव्हा गुजरातच्या सुलतानाने फौज व आरमार पाठवून ते परत जिंकले. त्यानंतर १५३४ मध्ये बहादुरशाहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली करीपर्यंत उत्तर कोकणची किनारपट्टी गुजरातच्याच अमलाखाली होती. या शंभरांहून अधिक वर्षांत तेथल्या लोकांची भाषा कोणती होती? ‘महिकावतीची बखर’ हा त्याचा साक्षीदार आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथातील केशवाचार्यांचा जुना भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा आहे. ती मराठी आहे, आणि ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द ज्या जुन्या लेखनात भेटतो त्यात तिची गणना होते. वाचकांनी क्षणभर थांबून हे ध्यानात घ्यावे : महाराष्ट्रधर्माचा हा उच्चार अहमदाबादच्या सुलतानाच्या राज्यात झाला. तेव्हा देवगिरीचे राज्य बुडून सव्वाशे वर्षे होऊन गेली होती आणि शिवछत्रपतींच्या जन्माला अजून जवळजवळ दोनशे वर्षे अवकाश होता. मराठीच्या मागे कोणतेही सिंहासन नव्हते, तरी मराठी होती.

हे केवळ आपल्याकडचे वेगळेपण नाही. त्या काळातले जग पाहिले, तर जवळजवळ सर्वत्र हाच प्रकार दिसतो. महमूद बेगड्याच्या अखेरच्या वर्षांत तापीच्या मुखापासून दीवपर्यंतचा समुद्र जगातल्या अनेक राजांच्या भांडणाचे मैदान झाला होता. १५०८ मध्ये चौलजवळ आणि १५०९ मध्ये दीवजवळ जी युद्धे झाली, त्यांत एका बाजूला पोर्तुगालचा राजा मनुएल याचे आरमार होते. दुसऱ्या बाजूला इजिप्तचा ममलूक सुलतान कान्सूह अल-घौरी याची गलबते आणि त्यांच्या साथीला गुजरातचा सुभेदार मलिक अयाज. त्यातला अल-घौरी पाहा. कूळ चर्केस, राज्य कैरोचे, प्रजा अरबी बोलणारी, आणि दरबारात तुर्की कवितेची आवड एवढी की फिर्दौसीचा शाहनामा त्याने तुर्कीत करविला. म्हणून कैरो तुर्की भाषक ठरले नाही.

त्याच सुमारास विजयनगरच्या गादीवर कृष्णदेवराय (१५०९ ते १५२९) होता. त्याचे घराणे तुळुव, राजधानी कन्नड मुलखात, आणि स्वतः रचलेले ‘आमुक्तमाल्यद’ हे महाकाव्य तेलुगूत. एका राजावर तीन भाषांचा दावा करता येईल, आणि तिन्ही दावे खरे असतील. पण त्यावरून हंपी कोणाची, हे ठरणार नाही. इंग्लंडात तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३६२ मध्ये कायदा झाला की न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत, कारण फ्रेंच भाषा लोकांना समजत नाही. गंमत अशी की तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४६ मध्ये आपल्या प्रजेसाठी सोपी लिपी जाहीर केली. तरी दरबारी विद्वानांनी चिनी लिपीतला कारभार पुढेही साडेचारशे वर्षे सोडला नाही. याउलट फ्रान्सच्या पहिल्या फ्रांस्वाने १५३९ मध्ये न्यायालयीन कागदपत्रे फ्रेंचमध्येच झाली पाहिजेत असे फर्मान काढले, तेव्हा त्याच्या राज्याच्या दक्षिणेतील प्रजा ऑक्सितान आणि पश्चिम टोकाची प्रजा ब्रेतों बोलत होती. राजाची भाषा, कागदाची भाषा आणि लोकांची भाषा या तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. त्यांना एकत्र बांधण्याची खटपट नुकती कोठे सुरू झाली होती.

असे का होते, याचे कारण त्या राज्यांच्या रचनेत आहे. उत्तर-मध्ययुगीन राजाला प्रजेकडून दोन गोष्टी हव्या असत : पिकातला वाटा आणि वाटांची सुरक्षितता. त्याच्याजवळ शाळा नव्हत्या, छापखाने नव्हते, जनगणना नव्हती. गावापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला वतनदार लागत. महाराष्ट्रात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी; दक्षिण गुजरातेत देसाई, मजमुदार, पटेल, तलाटी. वर गादीवर कोण आला नि कोण गेला, याने या साखळीत फारसा फरक पडत नसे. आणि गावचा हिशेब गावच्या भाषेतच लिहिला जाई. ज्या राजाला वसुली नीट हवी असे, तो उलट लोकभाषेकडे झुके. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (१५३४ ते १५५८) जमाखर्चाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे फिरिश्ता लिहितो. ही भाषाभक्ती नव्हती, हिशेबाची सोय होती. तरी तिचा लाभ आपल्या भाषेला झाला, हे मान्य केले पाहिजे.

शेवटी तापीचे सारे खोरे एका छत्राखाली आले. अकबराने १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला, १६०१ मध्ये असीरगड घेतला, आणि १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाणही मोगलाईत आणले. बऱ्हाणपूर ते सुरत हा व्यापारी रस्ता नंदुरबार, नवापूर, वालोड, बारडोली असा एकाच बादशाहीतून जाऊ लागला. सीमा पुसली गेली. भाषा मात्र मिसळून एक झाल्या नाहीत. सुरतेकडे गुजराती, नंदुरबारकडे अहिराणी, आणि मधल्या डोंगरात गामित, वसावा, मावची, डांगी, कोकणा अशा लोकांच्या बोली, ज्यांच्यात एकेका गावागणिक रंग बदलतो, त्या तशाच राहिल्या.

आणि मग कामरेजला मराठी राजे आले. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास सोनगडला ठाणे केले. मराठी कागदांत ज्याला ‘सुरत अठ्ठाविशी’ म्हणतात, त्या परगण्यांवर मराठ्यांचा अंमल बसला. कामरेज पुढे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला एक महाल झाला आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तसाच राहिला. म्हणजे सुमारे दोन शतके कामरेजचा राजा मराठी होता. उत्तर कोकण गुजरातच्या सुलतानाकडे जितका काळ होते, त्याहून हा काळ मोठा आहे. तरी कामरेजची भाषा गुजराती होती आणि गुजरातीच राहिली. ती बदलावी असा हट्ट गायकवाडांनी धरला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव तिसऱ्यांनी राज्यकारभार गुजरातीतून चालविला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या शाळांची मुख्य भाषा गुजरातीच होती. १९३१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध करविलेला ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांचा आहे. आपली मातृभाषा मराठी असताना प्रजेची भाषा कोणती, हे ज्याने ओळखले, त्या राजाचा मराठी माणसाने अभिमान धरावा तो याच कारणासाठी.

आता माहीम आणि कामरेज ही दोन गावे शेजारी ठेवून पाहा. माहीमवर गुजरातच्या सुलतानाचे राज्य होते, तरी तेथे मराठी टिकली. कामरेजवर मराठ्यांचे राज्य होते, तरी तेथे गुजराती टिकली. पहिल्या उदाहरणाने आपल्याला आनंद होतो. पण पहिले स्वीकारायचे असेल, तर दुसरे नाकारता येत नाही. दोन्हींचा धडा एकच आहे. राज्याच्या सीमेवरून भाषेची सीमा ओळखता येत नाही.

आमच्या सीमाभागातील कार्यकर्त्यांना आमचे यावर स्पष्ट सांगणे आहे. प्रतिपक्षाने एखादा प्राचीन राजा पुढे केला की त्याच्याहून जुना वा मोठा राजा शोधण्याचा मोह आपणांस होतो. तो टाळावा. राजांच्या शर्यतीला शेवट नाही. प्रत्येक गावावर कधी ना कधी प्रत्येकाचे राज्य होऊन गेले आहे, आणि त्या न्यायाने कामरेज चालुक्यांचेही ठरते, दिल्लीचेही, अहमदाबादचेही आणि बडोद्याचेही. आपली बाजू ज्या तत्त्वांवर उभी आहे, ती म्हणजे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांत कोणताही राजा नाही. गावातली माणसे घरात, बाजारात, देवळात आणि शाळेत कोणती भाषा बोलतात व कोणत्या राज्यात राहू इच्छितात, एवढेच त्यांत विचारलेले आहे. राजाचा ताम्रपट हा इतिहासाचा ठेवा आहे, त्याचा अभ्यास व्हावाच. परंतु तो जिवंत माणसाच्या मताऐवजी मोजला जाऊ नये, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

आजचे सुरतही हेच सांगते. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तेथे अहिराणी आणि मराठी रोज कानी पडते. त्यांना कोणत्या सुलतानाने वसविले नाही, कोणत्या सेनापतीने आणले नाही. यंत्रमागांवरच्या कामाने त्यांना त्याच जुन्या रस्त्याने, नंदुरबार-नवापूरवरून तापीच्या उताराला आणले. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटाच्या मध्यावरून जाणाऱ्या त्या रेषेने दोन्हीकडच्या माणसांचे बोलणे कधी थांबवलेले नाही.